नशीब कीं नैपुण्य? पिनबॉलच्या यंत्राची ओळख

आपल्याकडील पुष्कळ घरांतून मुलांच्या करमणुकीसाठीं एक लांकडी फळी असे. तिच्यावर खिळ्यांचीं अर्धवर्तुळें ठोकलेलीं असत, मधल्या कप्प्यांत आंकडे लिहिलेले असत, आणि उजव्या बाजूच्या अरुंद गल्लींतून गोळी वर उडविण्यासाठीं स्प्रिंगचा दट्ट्या बसविलेला असे. या खेळाला बॅगाटेल म्हणत. गोळी वर जाई, खिळ्यांवर आपटत आपटत खालीं येई, आणि कधीं शंभराच्या कप्प्यांत तर कधीं रिकाम्या जागीं जाऊन बसे. गोळी सुटली कीं खेळणाराचें काम संपलें. मग डोळे लावून पाहत बसावयाचें. आजोबा असोत वा सहा वर्षांचा नातू असो, जिंकण्याची संधि दोघांनाहि जवळजवळ सारखीच.

या निरुपद्रवी फळीचा एक वंशज अमेरिकेंत वाढला. त्याचें नांव पिनबॉल. त्याच्या वाट्याला मोठें विलक्षण आयुष्य आलें. न्यू यॉर्कसारख्या शहरानें त्याला ३४ वर्षें हद्दपार केलें. अधिकाऱ्यांनीं त्याच्यावर हातोडे चालविले. आणि अखेर त्याची सुटका झाली ती एका तरुणानें नगरसभेच्या समितीसमोर खेळून दाखविल्यानंतर. वादाचा मुद्दा एकच होता. हा खेळ नैपुण्याचा कीं नशिबाचा? मुलें रोज नव्या खेळांत गुंग होत असतां हाच प्रश्न आज आपल्या घरांतील वडील माणसांनाहि पडतो. म्हणून या यंत्राचे नियम काय, ते शिकावे कसे, आणि शिकल्यानें खरोखर कांहीं फरक पडतो काय, हें वाचकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

फळीचें यंत्र झालें

बॅगाटेलची फळी मूळची फ्रान्सची. अमेरिकेंतील सिनसिनाटी शहरीं राहणाऱ्या माँटेग्यू रेडग्रेव्ह नांवाच्या इंग्रज गृहस्थानें १८७१ सालीं या खेळांतील सुधारणांचें पेटंट मिळविलें. काठीच्या जागीं स्प्रिंगचा दट्ट्या, ही त्यांतील मुख्य सुधारणा. पुढें १९३१ सालीं शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब यांनीं ‘बॅफल बॉल’ हें नाणें टाकून खेळावयाचें लहानसें यंत्र काढलें. तो काळ जागतिक मंदीचा. हातांत काम नसलेल्या माणसाला एका नाण्यांत घटकाभर करमणूक मिळूं लागली, आणि हीं यंत्रें दुकानांतून व मद्यगृहांतून झपाट्यानें पसरलीं.

या यंत्रांबरोबर पैशाचा मोह आला. कांहीं यंत्रें जिंकणारास नाणींच परत देऊं लागलीं. जीं देत नसत त्यांच्यावरील गुणांबद्दल दुकानदार स्वतः बक्षीस देई. शाळकरी मुलांना फराळासाठीं मिळालेलीं नाणीं हीं यंत्रें गिळंकृत करतात, असा न्यू यॉर्कचे महापौर फिओरेल्लो ला गार्डिया यांचा आरोप होता. १९४२ च्या जानेवारींत त्या शहरांत पिनबॉलवर बंदी आली. यंत्रें जप्त झालीं, आणि महापौरांनीं स्वतः हातोडा घेऊन तीं फोडल्याचीं छायाचित्रें प्रसिद्ध झालीं.

त्या वेळच्या यंत्रांपुरतें बोलावयाचें तर महापौरांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. खेळणाराच्या हातीं होता फक्त दट्ट्या आणि फार तर यंत्राला द्यावयाचा हलकासा धक्का. बाकी सर्व खिळ्यांच्या मर्जीवर. परंतु बंदीनंतर पांच वर्षांनीं, १९४७ सालीं, गॉटलीब यांच्याच कारखान्यांतून ‘हंप्टी डम्प्टी’ नांवाचें यंत्र बाहेर पडलें. हॅरी मॅब्स या रचनाकारानें त्यांत प्रत्येक बाजूस तीन, अशीं सहा लहान हालतीं पातीं बसविलीं. बाजूचें बटण दाबलें कीं विजेच्या जोरानें पातें उसळी घेई आणि खालीं घरंगळणारी गोळी पुन्हां वर फेंकली जाई. यासच फ्लिपर म्हणतात. दुसऱ्याच वर्षीं स्टीव्ह कॉर्डेक यांनीं आपल्या यंत्रांत खालच्या टोकाशीं दोनच फ्लिपर ठेविले, आणि तीच रचना पुढें रूढ झाली.

ही गोष्ट दिसावयास लहान, परंतु तिनें खेळाची जात बदलली. गोळी सुटल्यावरहि खेळणारास करण्याजोगें कांहीं उरलें. मात्र बंदी जुन्या यंत्राकडे पाहून घातलेली होती. यंत्र बदललें तरी ती तशीच राहिली.

रणांगणाचा नकाशा

ज्यांनीं हें यंत्र पाहिलें नाहीं त्यांच्यासाठीं थोडें वर्णन करतों. कमरेइतक्या उंचीच्या चार पायांवर एक लांबट पेटी असते, आणि तिच्यावर कांच. कांचेखालीं चित्रविचित्र रंगविलेलें मैदान, खेळणाराच्या बाजूस सुमारें साडेसहा अंशांनीं उतरतें. त्यावरून एक इंचाहून किंचित् मोठी, सुमारें ८० ग्रॅम वजनाची पोलादी गोळी धांवते. मैदानांत तिला उसळवून लावणारे गोल बंपर असतात, आपटावयाचीं लक्ष्यें असतात, वर चढून जाणाऱ्या चढणी असतात आणि गोळी गिळणारीं विवरें असतात. खालीं दोन फ्लिपर आणि त्यांच्यामध्यें मोकळी फट. दोन्ही कडांस एकेक बाहेरची गल्ली. तींत शिरलेली गोळी बहुधा हातची गेली म्हणून समजावें. नव्या यंत्रांत एका डावास तीन गोळ्या मिळण्याची चाल आहे. तिन्ही गेल्या कीं डाव संपला.

नवखा मनुष्य यंत्रापुढें उभा राहतो तेव्हां त्याला दिव्यांचा लखलखाट आणि घंटांचा गलबला एवढेंच जाणवतें. तो दोन्ही बटणें एकदम दाबतो, सारखीं दाबतो, आणि मिनिटाभरांत तिन्ही गोळ्या घालवून बसतो. त्याला वाटतें, हें सारें दैवाधीन आहे. वास्तविक त्या लखलखाटाला व्याकरण असतें. जो दिवा लागलेला आहे तेथें यंत्र कांहीं देऊं करीत आहे. जो लुकलुकतो आहे तेथें तें या क्षणीं बोलावीत आहे. फ्लिपरच्या खालच्या बाजूस कांचेखालीं एक छोटें सूचनापत्र लावलेलें असतें; त्यांत खेळाचे मुख्य नियम चार-सहा ओळींत दिलेले असतात. नाणें टाकण्यापूर्वीं तें वाचणारे फार थोडे.

एका चमत्कारिक वाड्याच्या बारा खोल्या

हें व्याकरण उदाहरणानें समजेल. १९९२ सालीं निघालेलें ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ हें यंत्र घेऊं. पॅट लॉलर यांनीं त्याची रचना केली व लॅरी डीमार हे त्याच्या प्रणालीचे मुख्य लेखक. त्याच्या २०,२७० प्रती विकल्या गेल्या, आणि इलेक्ट्रॉनिक पिनबॉल यंत्रांत तो विक्रम ठरला. व्यंगचित्रकार चार्ल्स अ‍ॅडम्स यांनीं १९३८ पासून ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकांत एका भुताळ कुटुंबाचीं चित्रें काढलीं. त्यांवरून १९९१ सालीं बोलपट निघाला, आणि बोलपटावरून हें यंत्र. आमच्या वाचकांस यांतील एका गोष्टीची मौज वाटेल: हें कुटुंब चक्क एकत्र कुटुंब आहे! नवराबायको, दोन मुलें, आजी, काका, केंसांच्या ढिगाऱ्यांत दडलेला एक भाऊबंद, आणि धडावांचून वावरणारा एक हात, सर्व एकाच वाड्यांत गुण्यागोविंदानें नांदतात.

मैदानाच्या मध्यभागीं त्या वाड्याचें चित्र असून त्यांत बारा खोल्यांचे बारा दिवे आहेत. खेळाचा एक मोठा हेतु म्हणजे या बाराहि खोल्या उघडणें. रीत अशी. विजेच्या खुर्चीचें एक विवर आहे. त्याच्यावरील दिवा लागलेला असतां गोळी त्यांत घातली कीं त्या वेळीं लुकलुकणारी खोली उघडते. गोळी प्रथम खेळांत येते तेव्हां खुर्चीचा दिवा लागलेलाच असतो. एक खोली मिळाली कीं तो विझतो, आणि पुन्हां लावण्यासाठीं मधल्या चढणीवरून गोळी न्यावी लागते. म्हणजे चढण, मग खुर्ची, पुन्हां चढण, पुन्हां खुर्ची, असा हा ताल आहे. गोळी बंपरांमध्यें आपटत असतां लुकलुकणारी खोली बदलत राहते.

सगळ्या खोल्यांचें मोल सारखें नाहीं. कांहींत एकदम ३०, ६० किंवा ९० लाख गुण पदरांत पडतात. कांहींत ठराविक वेळापुरतें एकादें काम नेमून दिलें जातें. ‘मामुश्का’ या खोलींत तेवढा वेळ गोळी जेथें जेथें लागेल तेथें तेथें गुण मिळतात. दुसरींत मृतात्म्यांचें आवाहन चालतें, आणि तेव्हां मैदानाखालचे लोहचुंबक जागे होऊन गोळीची वाट वाकडी करतात.

दुसरा मोठा हेतु निराळा आहे. उजवीकडे एक पुस्तकांचें कपाट आहे. त्यावर गोळी आपटली कीं ‘लोभ’ या अर्थाच्या पांच अक्षरी इंग्रजी शब्दाचें एकेक अक्षर उजळतें. पांचहि अक्षरें झालीं म्हणजे कपाट गर्रकन् फिरतें आणि मागची तिजोरी उघडी पडते. तींत गोळ्या साठवाव्या. तिसरी आंत गेली कीं तिन्ही गोळ्या एकदम मैदानांत येतात, आणि मोठ्या बक्षिसाची वेळ सुरू होते.

आतां डावपेंचाचा प्रश्न येतो. आरंभीं कोणता हेतु धरावा? आम्हांस वाटतें, शिकणारानें प्रथम चढण आणि खुर्ची यांचीच कांस धरावी. कारण साधें आहे. कपाटासारख्या उभ्या लक्ष्यावर जोरानें आपटलेली गोळी कोणत्या कोनांतून उलटेल याचा नेम नाहीं. ती सरळ मधल्या फटीकडेहि येऊं शकते. चढण पुरी चढलेली गोळी आंखून दिलेल्या वाटेनें खालीं येते, आणि पुढच्या फटक्यासाठीं सज्ज होण्यास आपणांस अवसर मिळतो. मोठ्या बक्षिसापेक्षां गोळी परत ताब्यांत देणारा फटका अधिक मोलाचा, हें या खेळांतील पहिलें सूत्र. हात बसल्यावर मग कपाटाकडे वळावें.

हाताची शिस्त

नियम समजले तरी हात तयार व्हावा लागतो. त्याचे धडे थोडे आहेत, परंतु प्रत्येकाला वेळ लागतो.

पहिला धडा थांबण्याचा. बाजूच्या वाटेनें गोळी संथपणें फ्लिपरकडे येऊं लागली कीं फ्लिपर उचलून तसाच धरावा. गोळी त्याच्या कुशींत येऊन विसावते. मग घाई नाहीं. कोणते दिवे लागले आहेत तें पाहावें, विचार करावा, आणि मगच फ्लिपर खालीं सोडावा.

दुसरा धडा नेम धरण्याचा. फ्लिपर सोडला कीं गोळी त्याच्या अंगावरून टोंकाकडे घरंगळते. ती बुडाजवळ असतां फटका दिला तर ती त्याच बाजूकडे जाते. टोंकाजवळ गेल्यावर दिला तर मैदान ओलांडून समोरच्या बाजूस. नेम हा असा केवळ वेळेचा आहे. कॅरममध्यें आपण बोटाचा कोन बदलतों. येथें कोन बदलण्याचें काम वेळ करते. चढण चुकली तर गोळी डावीकडे गेली कीं उजवीकडे, हें ध्यानांत ठेवावें, आणि पुढील खेपेस फटका किंचित् आधीं किंवा नंतर द्यावा.

तिसरा धडा न मारण्याचा. वेगानें येणारी गोळी पाहून बोट आपोआप दाबलें जातें. जाणता खेळाडू पुष्कळदां फ्लिपर मुळींच हालवीत नाहीं. गोळी एका फ्लिपरवर टप्पा घेऊन अलगद दुसऱ्याकडे जाते आणि तेथें ती धरतां येते. तसेंच दोन्ही फ्लिपर एकदम उचलूं नयेत. तसें केल्यानें मधली फट रुंद होते व गोळीला घरचा रस्ता मोकळा मिळतो.

चौथा धडा धक्क्याचा. गोळी कडेच्या गल्लीकडे वळूं लागली तर यंत्राला योग्य क्षणीं तळहातानें हलका धक्का देऊन तिला वळवितां येतें. ही लबाडी नव्हे, खेळाचाच भाग आहे. परंतु त्याला मर्यादा आहे. पेटीच्या आंत एक लोलक टांगलेला असतो व त्याच्याभोंवतीं धातूचें कडें असतें. हिसका फार झाला कीं लोलक कड्याला टेकतो, विजेचें वर्तुळ पुरें होतें आणि यंत्र ‘टिल्ट’ जाहीर करतें. मग फ्लिपर निर्जीव, गोळी गेली, आणि तिच्याबरोबर शेवटीं मिळावयाचे जादा गुणहि गेले. नव्या यंत्रांत बहुधा आधीं इशारा मिळतो. आपण लोलकाच्या किती जवळ आलों आहों हें ज्याला हातांना कळतें तोच खरा जाणता.

हे धडे केवळ माणसांसाठींच आहेत असें नाहीं. अ‍ॅडम्सच्या वाड्यांत डावीकडे वर एक लहानसा फ्लिपर आहे. विशिष्ट वेळीं यंत्र तो स्वतःच चालवून एक अवघड नेम साधण्याचा प्रयत्न करतें. नेम चुकला तर तें आपली वेळ सुधारून घेतें व पुढील खेपेस अधिक जवळ येतें. जुन्या खिळ्यांच्या फळीवर अशी सुधारणा करण्यास जागाच नव्हती.

समितीपुढील परीक्षा

आतां न्यू यॉर्ककडे परत वळूं. १९७६ च्या एप्रिलमध्यें नगरसभेच्या समितीपुढें बंदी उठविण्याचा प्रश्न आला, तेव्हां रॉजर शार्प नांवाच्या एका तरुण लेखकास साक्षीसाठीं बोलावण्यांत आलें. तो पिनबॉलवर पुस्तकाची तयारी करीत होता. सभागृहांत दोन यंत्रें आणविलेलीं होतीं. एक खेळावयाचें आणि एक राखीव. पहिल्यांत कांहीं कारागिरी केलेली असावी असा एका सभासदास संशय आला, आणि त्यानें राखीव यंत्रावरच खेळण्याचा आग्रह धरला. शार्प खेळूं लागला. आतां या अमुक ठिकाणीं मारतों, असें आधीं सांगून तो गोळी तेथें नेऊं लागला. शेवटीं त्यानें दट्ट्याकडे हात नेला आणि जाहीर केलें कीं ही गोळी वरच्या मधल्या गल्लींतून खालीं येईल. त्यानें दट्ट्या ओढून सोडला. गोळी वर गेली, आणि नेमकी मधल्या गल्लींतून उतरली. समितीनें अनुकूल कौल दिला व ती जुनी बंदी उठली.

या गोष्टीचें पुढें पुष्कळ कौतुक झालें. २०२२ सालीं तिच्यावर बोलपटहि निघाला. परंतु त्या शेवटच्या फटक्यांत दैवाचाहि हात होता, हें शार्प यांनींच नंतर मोकळेपणानें सांगितलें आहे. ज्या फटक्यानें नैपुण्य सिद्ध झालें असें सर्वांनीं मानलें, तो रेडग्रेव्हच्या जुन्या दट्ट्याचा, म्हणजे यंत्रांतील अधिक दैवाधीन भागाचा! मग समितीचा निर्णय चुकला काय? आमच्या मतें नाहीं. खरा पुरावा त्या एका गोळीचा नव्हता, तिच्या आधींच्या सर्व गोळ्यांचा होता. एक फटका कोणाचाहि लागतो. सांगून, पुन्हां पुन्हां, अनोळखी यंत्रावर लागतो तो शिकलेल्याचाच.

घरांतील कसोटी

यांतून घराघरांस उपयोगी पडेल अशी एक कसोटी निघते. कोणताहि नवा खेळ समोर आला तर विचारावें: महिनाभर मन लावून खेळणारा मनुष्य, काल आलेल्या मनुष्यापेक्षां दहांपैकीं आठ वेळां सरस ठरतो काय? ठरत असेल तर त्या खेळांत शिकण्यासारखें कांहीं आहे. आपल्या न्यायालयांनींहि याच दिशेनें विचार केलेला आहे. मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यांत, बक्षिसांच्या कोड्यांच्या निमित्तानें, सर्वोच्च न्यायालयानें १९५७ सालीं असें तत्त्व मांडलें कीं ज्या स्पर्धेंत यश बऱ्याच अंशीं कौशल्यावर अवलंबून असतें ती जुगार ठरत नाहीं.

मात्र ही कसोटी एकटी पुरी पडत नाहीं. २०२५ सालीं भारतांत झालेल्या कायद्यानें पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ मना केले, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. ला गार्डिया यांच्या रागाचें मूळहि फराळाच्या नाण्यांतच होतें. म्हणून मुलाच्या हातांतील खेळाकडे पाहतांना दोन प्रश्न वेगळे ठेवावे: यांत शिकण्यासारखें काय आहे, आणि यांत गमावण्यासारखें काय लागलेलें आहे? पहिल्याचें उत्तर चांगलें आलें म्हणून दुसरा विसरूं नये, आणि दुसऱ्याच्या भीतीनें पहिला विचारावयाचाच राहूं नये. न्यू यॉर्कनें तो ३४ वर्षें विचारला नाहीं.

आपल्याकडे हीं यंत्रें क्वचितच पाहावयास मिळतात. अमेरिकेंत गेलेल्या आमच्या वाचकांस कॅलिफोर्नियांतील अ‍ॅलमीडा येथील पिनबॉल संग्रहालयांत किंवा लास व्हेगासच्या संग्रहांत जुनीं यंत्रें स्वतः खेळतां येतील. तेथें गेल्यास मुलांना सोबत न्यावें, नाणें टाकण्याआधीं सूचनापत्र मोठ्यानें वाचून घ्यावें, आणि पहिली गोळी बटणाला हात न लावतां नुसती जाऊं द्यावी. दुसऱ्या गोळीला फ्लिपर वापरावे. आजोबांची फळी आणि नातवाचें यंत्र यांतील अंतर त्या दोन गोळ्यांतच दिसून येईल.